जांभळ्या कपातला केक

विश्राम घाडीगावकरांनी कपकेकचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि तो जिभेवर इतका वेळ घोळवला, की काउंटरमागची मुलगी धावत पाण्याचा ग्लास घेऊन आली. तिला वाटलं, आजोबांना काहीतरी होतंय. आजोबांना काही होत नव्हतं. आजोबा परीक्षण करत होते.

"सजावट, वीसपैकी सोळा," ते डोळे न उघडताच म्हणाले. "सुबकता अठरा. स्वच्छतेला पैकीच्या पैकी, त्यात वाद नाही. विषयाची मांडणी मात्र गोंधळलेली. नाना, हा केक गोड आहे की खारट, हे त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नाही."

"सॉल्टेड कॅरमल आहे, सर," मुलगी म्हणाली.

"असू दे. सामाजिक संदेश, शून्य."

शेजारच्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या त्यांच्या मित्राने, नानांनी, आपला केक केव्हाच संपवला होता आणि आता ते कागदाच्या घड्या उलगडून आतला चुरा टिपत होते. "मला विचारशील तर शंभर," ते म्हणाले.

"तुला कोण विचारतंय? तुला शाडूची माती साखर भुरभुरून दिली तरी शंभर देशील."

"मग आणतोस कशाला मला?"

"एकटा म्हातारा केक खात बसला तर लोक बघतात."

"आता दोन म्हाताऱ्यांना बघतायत," नाना म्हणाले आणि खरोखरच सगळं दुकान बघत होतं. लोअर परळच्या त्या मॉलमध्ये एवढ्या गंभीर चेहऱ्याने कपकेक खाणारं गिऱ्हाईक बहुधा प्रथमच आलं होतं. विश्रामरावांनी केकचा कागद हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. तपकिरी. त्यांनी मान हलवली आणि उठले.

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या विश्रामरावांना लालबागमध्ये पोस्टातला माणूस म्हणून कोणी ओळखत नसे. तिथे ते 'परीक्षक' होते. गणपतीत मंडळांच्या आरास स्पर्धा होतात, त्यांचं परीक्षण ते कित्येक वर्षं करत. छातीला बिल्ला, गळ्यात उपरणं, चेहऱ्यावर न्यायमूर्तींचे भाव. मंडळाचे कार्यकर्ते त्यांना चहा, सरबत, पेढे देऊन पाघळवायला बघत. ते पेढ्यालाही मार्क देत. सुबकता, सजावट, विषय, स्वच्छता, सामाजिक संदेश, प्रत्येकी वीस. ऐंशीच्या वर त्यांनी कुणालाही चढू दिलं नव्हतं. "शंभर दिले की माणूस सुधारायचा थांबतो," असं ते म्हणत आणि ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना उत्तेजनार्थ देऊन टाकत. त्यामुळे दर वर्षी लालबागेत उत्तेजनार्थांचा सुकाळ असे.

बिल्ला दहा दिवसांनी निघे, पण सवय बारा महिने चालू असे. न्हाव्याने दाढी केली की गाल चाचपून, "पासष्ट." जावई बघायला गेले तर परतताना टॅक्सीत, "मुलगा बहात्तर, त्याचा बाप चाळीस." आणि घरात कमलची आमटी. चौतीस वर्षं रोज दुपारी किंवा रात्री ताटावर बसलेल्या विश्रामरावांनी पहिला घास घेतला की स्वयंपाकघरात कमलचा हात क्षणभर थांबे. "बासष्ट," बाहेरून येई. "कोकम कमी." हात पुन्हा चालू लागे. विश्रामरावांना यात काही वावगं वाटत नसे. उलट बासष्ट हे आमटीच्या मानाने भरघोस आहेत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

कमलला जाऊन आता वर्ष होत आलं होतं आणि विश्रामराव शहरभर कपकेक खात हिंडत होते, त्याचं कारण एक कावळा होता.

झालं होतं असं. कमलची साखर आधीपासूनच वाढलेली, त्यात मूत्रपिंडांनी असहकार पुकारला. परळच्या इस्पितळात तिला ठेवलं होतं. तिथली अळणी खिचडी विश्रामरावांनी आधी स्वतः चाखून बघितली होती आणि तिला पस्तीस दिले होते. त्या दिवशी दुपारी कमल म्हणाली, "ऐका ना. तो जांभळ्या कपातला केक आणाल?"

"कसला केक?"

"कपकेक हो. एकच."

"साखर बघितलीस का तुझी? आधी बरी हो, मग डझनभर आणू."

"डझन कशाला? मी एक म्हटलं," कमल म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवसांनी ती गेली.

दहाव्याला सगळे बाणगंगेवर जमले. पिंड मांडले. कावळ्यांना तिथे तोटा नाही. शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांच्या पिंडावर तर कावळा इतक्या तातडीने उतरला, की घरचे लोकच जरा हिरमुसले. आजोबांना जायची एवढी घाई होती होय? कमलच्या पिंडाकडे मात्र एकही फिरकेना. बसायचे कठड्यावर, मान वाकडी करायचे, उडून जायचे.

विश्रामरावांची मोठी बहीण सुंदराबाई, म्हणजे सगळ्यांची आक्का, खास या कामासाठी कुडाळहून आली होती. ती पुढे झाली. "तिची कायतरी इच्छा रवली आसतली," ती म्हणाली. "बोला रे, शब्द द्या तिका."

मग शब्द द्यायला सुरुवात झाली. मुलगी मेघना रडत म्हणाली, "आई, बाबांची काळजी करू नकोस, मी आहे." नाना म्हणाले, "वहिनी, याच्या गोळ्या मी बघीन." कुणी कुलदैवताची ओटी भरण्याचं कबूल केलं, कुणी तिच्या तुळशीला पाणी घालण्याचं. कावळे ऐकत होते आणि येत नव्हते. तेवढ्या माणसांत एकट्या विश्रामरावांना ठाऊक होतं, काय राहिलंय ते. ते त्यांच्या घशापर्यंत आलंही होतं. पण भटजी, व्याही, चाळीतली माणसं, सगळे हात जोडून उभे असताना पिंडासमोर वाकून 'कपकेक आणतो गं' असं म्हणायचं कसं? लोक हसले असते. विश्रामराव गप्प राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि विधी पुढे नेला. तशी पद्धतच आहे. खरा नाही आला तर गवताचा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. विश्रामरावांना मात्र वाटलं, पेपर न तपासताच कुणीतरी खाली सही केली.

ते वाटणं वर्षभर गेलं नाही. वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा त्यांनी ठरवलं: या वेळी पानात तो केक असेल. फक्त तो कुठला, ते शोधायचं. कमलला विचारायचं राहून गेलं होतं.

म्हणून मग दादर झालं. तिथल्या अंड्याशिवायच्या केकला सत्तावन्न. "हा केक नाही, रव्याच्या लाडवाचा शहरात आलेला भाऊ आहे." गिरगावात जुन्या बेकरीच्या शेठनी, "कपकेक नहीं बाबा, मावा केक है, खाना है तो खाओ," असं खडसावलं. त्याला विश्रामरावांनी एकोणऐंशी दिले, पण तो पांढऱ्या कागदात होता, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. आणखी एका ठिकाणी केकवर इतकी निळी क्रीम होती, की नानांची कवळी संध्याकाळपर्यंत निळी राहिली आणि त्यांच्या सुनेने डॉक्टरला फोन केला. सगळीकडे कमलबरोबर आपण कधी ना कधी गेलो होतो, अशीच ठिकाणं विश्रामराव आठवून आठवून काढत होते. त्यांच्या अंदाजाने कमलच्या आयुष्यात दुसरी ठिकाणं नव्हतीच.

मॉलमधून घरी येऊन बसले तोच मेघनाचा फोन आला. ती कल्याणला राहते आणि बापाशी बोलताना तिच्या आवाजात आईचा आवाज मिसळतो.

"बाबा, नानाकाकांची सून सांगत होती, तुम्ही दोघं केक खात फिरता. ऐकतेय ते खरंय?"

खरं काय ते विश्रामरावांना सांगावंच लागलं. इस्पितळातलं, बाणगंगेवरचं, सगळं.

"तेव्हा का नाही बोललात?"

"लोक होते गं."

"लोक होते," मेघना म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "आई रोज कुठे जायची? माटुंग्याला ना, बालवाडीत नोकरीला? मग तुम्ही गिरगावात काय शोधताय?"

"माटुंग्यात इडली मिळते," विश्रामराव म्हणाले. "तिथे केक कोण करणार?"

"बाबा!"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. नानांना नको म्हणाले. बालवाडीच्या फाटकापासून मार्केटच्या दिशेने चालत, कमल कुठे वळली असेल, कुठे थांबली असेल, याचा अंदाज घ्यायला लागले आणि त्यांच्या लक्षात आलं, की ती इकडे वीस वर्षं येत होती आणि आपण या फाटकापर्यंत एकदाही आलो नव्हतो. फुलवाल्यांच्या पुढच्या गल्लीत एक चिंचोळा गाळा होता. काचेच्या कपाटात केकची एकच रांग. सगळे जांभळ्या कपात.

आत पीठ लागलेल्या हातांची एक मुलगी होती. तेजस्वी तिचं नाव, माहीमच्या कोळीवाड्यातली. ओव्हनपाशी टोपलीवजा पिशवी सांभाळत तिची आई बसली होती, दादरला मासळी विकून घरी जाताना टेकलेली. "बसा, भाऊ," आई म्हणाली. "हिचे केक खा. सगळा गाळा गोड गोड वासतो. मेल्या बोंबलाचा वास परवडला."

विश्रामरावांनी फोन काढला. चष्मा वर-खाली करत कमलचा फोटो शोधला आणि पुढे धरला. "ही इथे यायची का?"

"कमलमावशी!" तेजस्वीचा चेहरा उजळला. "अय्या, तुम्ही काका का? कुठायत त्या? एवढे दिवस आल्याच नाहीत. मला वाटलं, रिटायर होऊन गावाला गेल्या. म्हणायच्या ना, कुडाळला जाणार म्हणून."

कुडाळला जायचं कमलच्या मनात होतं, हेही विश्रामरावांना नवीनच होतं. ते स्टुलावर बसले. मग त्यांनी सांगितलं. तेजस्वीने हात एप्रनला पुसले, पुसतच राहिली. आईने पिशवी खाली ठेवली आणि "आई गं," एवढंच म्हणाली.

"कोणता खायची ती?" विश्रामरावांनी विचारलं.

"साधा व्हॅनिला. क्रीम नाही. मी त्यांच्यासाठी एक क्रीम न लावता बाजूला काढून ठेवायचे. बुधवारी, शाळा सुटली की. या पायरीवर बसायच्या आणि अगदी निवांत खायच्या. कागदाला चिकटलेलं पण सोडायच्या नाहीत."

"घरी नाही कधी आणला."

तेजस्वीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग की. गेलेल्या माणसाचा बोल हाय, दाबून कशाला ठेवतीस?"

"म्हणजे... मस्करीत म्हणायच्या त्या, काका. मी एकदा म्हटलं, मावशी, काकांना न्या ना एक. तर म्हणाल्या, नको गं बाई. घरी नेला की आमचे परीक्षक मार्क देणार. मार्क दिले की तो केक त्यांचा होतो. एवढा एक माझा राहू दे."

सांगताना तेजस्वीला हसू आलं, कमल ते कसं म्हणाली असेल ते तिला आठवलं असावं, आणि मग समोरचा चेहरा बघून ते हसू विझलं. विश्रामरावही हसायला गेले. कमलचा तो सूर त्यांना ओळखीचा होता. फोनवर बहिणीशी बोलताना ती तसं बोलायची आणि ते खोलीत आले की थांबायची.

"रागवायची का ती? माझ्यावर?"

"मला नाही माहीत, काका. तसं काही बोलल्या नाहीत. केक खायला यायच्या त्या."

तेजस्वीने एक साधा व्हॅनिला त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागद सोलला आणि घास घेतला. त्यांना खरंच वाटलं होतं, की या केकला आपण काही म्हणणार नाही. पण जिभेला कुणी आवरायचं? घास गिळायच्या आत आकडा तयार होता. अडुसष्ट. खालून जरा जास्त भाजलाय. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं, जणू आकडा बाहेर सांडेल, आणि उरलेला केक तसाच हातात धरून ते पायरीवर बसून राहिले. आई-मुलीने त्यांना बसू दिलं. मध्येच आईने पाणी आणून दिलं. जाताना त्यांनी श्राद्धासाठी एक मागितला.

"एकच?" तेजस्वीने विचारलं.

"एकच," विश्रामराव म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी चाळीची गच्ची तव्यासारखी तापली होती. पान वाढलं होतं: भात, वरण, वडे, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ आणि खिरीच्या बाजूला जांभळ्या कपातला एक केक. भटजींनी तो पाहिला, परत पाहिला आणि 'यजमानांची इच्छा' असं मनाशी म्हणून पुढे गेले. आक्काने मात्र विचारलं.

"ह्यां काय रे, विश्राम? श्राद्धाच्या पानात बेकरीचा?"

"तिला हवा होता," विश्रामराव म्हणाले. या वेळी मोठ्याने, सगळ्यांसमोर. "इस्पितळात मागितला होता. मी नाही आणला." कुणी हसलं नाही. मेघनाने बापाचा हात धरला. आक्का काही बोलली नाही, आणि आक्का काही न बोलण्याची लालबागमधली ती पहिलीच वेळ होती.

सगळे मागे सरले. पाण्याच्या टाकीवर पाच-सहा कावळे बसले होते. त्यांनी पानाकडे पाहिलं. एक कठड्यावर उतरला. सगळ्यांनी श्वास रोखला. त्याने चोच कठड्यावर घासली, दोन्ही बाजूंनी, नीट, आणि परत टाकीवर जाऊन बसला.

वेळ जायला लागला. खाली चार खोल्यांमध्ये पाटपाणी होऊन माणसं ताटकळली होती, कारण कावळा शिवल्याशिवाय कुणाला जेवता येत नाही. वड्यांचा वास जिन्यावरून वर येत होता. नानांच्या पोटातून आलेला आवाज भटजींनाही ऐकू गेला. मेघना डोळे पुसत काहीतरी पुटपुटत होती. आक्काने भावाला कोपराने ढोसलं. "बोल तिच्याशी. तूच बोल आता."

विश्रामराव पुढे झाले. पानापुढे गुडघ्यांवर बसताना त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. "कमल," ते म्हणाले, "तेव्हाच आणायला हवा होता." आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण ते वाक्य झालं नाही. टाकीवर एक कावळा दुसऱ्याचं डोकं खाजवत होता.

भटजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे गिरगावात दुसरं श्राद्ध होतं. "उन्हाचा त्रास होतो हो पक्ष्यांना," ते समजुतीने म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. मी दर्भ आणलाय." त्यांनी पिशवीतून जुडी काढली आणि सराईत बोटांनी गाठ मारायला घेतली.

"नको," विश्रामराव म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम."

"मागच्या वेळी तेच केलं. नको. ती नाही येत म्हणते, तर नाही येत. तिचा राग असेल, तर तो तिचा आहे. गवताने नको मिटवायला."

"अरे, खाली माणसां भुकेली रवलीत!" आक्काचा आवाज परत आला.

"त्यांना जेवायला वाढा."

"कावळो शिवल्याशिवाय? लोक काय म्हणतले?"

"मी सांगितलं म्हणून सांग. आक्का, मी बसतो इथे."

आक्का बघत राहिली. चौसष्ट वर्षांच्या धाकट्या भावाला ती आजवर कान धरून उठवत आली होती, पण या वेळी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जिन्याकडे वळली. तिच्यामागे भटजी, दर्भाची अर्धी बांधलेली जुडी पिशवीत घालत. मेघना घुटमळली. "मी थांबते, बाबा." "तू जेव. तुला कल्याण गाठायचंय." तीही गेली. खाली पाटांचे आवाज झाले, कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी गप्प केलं, मग वाढप्याची हाक आणि भांड्यांचा खणखणाट.

नाना तेवढे राहिले होते. ते हळूच पानाजवळ गेले आणि वाकले.

"विश्रामा, मुंग्या लागल्यात केकला." त्यांच्या आवाजात आशा होती. "मुंग्या चालत नाहीत का रे? जीवच की तोही."

"नाही चालत."

"विचारून बघितलं."

"नाना, जा तू. गोळी घ्यायची असेल तुझी जेवणाआधी."

नाना गेले. जिन्यावर त्यांनी दोनदा वळून पाहिलं. विश्रामरावांनी कठड्याला पाठ टेकली. सावली अजून तिकडे पोहोचली नव्हती. त्यांनी टोपी पुढे ओढली आणि टाकीकडे बघत बसले.